चिकटवलेली पानं

नर्सबाईंनी पानाच्या कडेत नख घातलं, पण पान काही सुटेना. त्यांनी दुसरं पुस्तक उचललं. त्यातही तेच पान. तिसऱ्यातही तेच. मग त्यांनी ढिगातली सगळीच पाहिली; सगळ्यांत तेच.

शाळेच्या हॉलमध्ये नववीची मुलं आपापल्या आईबापांशेजारी बसली होती. वयात येताना शरीरात काय काय होतं, ते मुलांना आणि पालकांना एकत्र बसवूनच सांगायचं, हा नर्सबाईंचा हट्ट होता. बापमंडळी छताकडे बघत होती, आया रुमालाशी चाळा करत होत्या. मागच्या बाकावर बाइंडर बसला होता, शेजारी त्याची लेक. शाळेची सगळी पुस्तकं तोच बांधायचा. बोटांना कायम खळ लागलेली, म्हणून पोरं त्याला खळकाका म्हणायची.

"दमट हवा, बाई," हेडसर घाईने म्हणाले. "जुनी पुस्तकं आहेत."

"दमट हवेचं काम इतकं नीटनेटकं नसतं, सर. चाळीसच्या चाळीस पुस्तकांत नेमकी हीच चार पानं?"

हॉलमध्ये खसखस पिकली. बाइंडरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सात वर्षांपूर्वी हेडसरांनीच त्याला खोलीत बोलावून सांगितलं होतं, फाडू नका, वरून तपासणीला येतात; अशी चिकटवा की कुणाला कळूसुद्धा नये. त्यालाही ते पटलं होतं. पोरीबाळींच्या हाती असलं काही कशाला? काम मात्र त्याने मन लावून केलं होतं.

पुस्तकं हातोहात मागे आली. लेकीने एक घेतलं आणि पानाच्या कडेवरची निळसर रेघ पाहिली. कीड लागू नये म्हणून बाप खळीत मोरचूद घालतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? लहानपणापासून खळ ढवळायला तीच तर बसायची.

तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, सहावीत असताना मी हेच पुस्तक घरी आणलं होतं. पानं सोडवून द्या म्हटलं होतं तुम्हाला."

त्याला आठवलं. फाटेल, परत देऊन टाक, असं म्हणून त्याने तिला वाटेला लावलं होतं.

"आई तेव्हा मावशीकडे होती. मला वाटलं, मला मोठा आजार झालाय. तीन दिवस मी मरायची वाट बघत होते."

ते तीन दिवसही त्याला आठवले. पोरीने सगळे कपडे घड्या घालून ठेवले होते. रंगपेटी आपणहून धाकट्याला देऊन टाकली होती. पोरीला समज आली, असं त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांत कौतुक केलं होतं.

"बरं, आपण पुढे जाऊ या," हेडसर म्हणत होते.

बाइंडर उभा राहिला. हेडसरांनी मनगटावरच्या घड्याळात डोकं घातलं. त्याने त्यांचं नाव घेतलं नाही.

"ही पानं मी चिकटवलीत," तो म्हणाला. "मीच सोडवून देतो."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही.

रविवारी सकाळी त्याने किटलीत पाणी उकळायला ठेवलं. वाफ देत, पातळ सुरीने तो एकेक पान सोडवू लागला. पण त्याची कारागिरी त्यालाच नडली. पानं सुटली ती समोरच्या पानावरची अक्षरं सोलून घेऊनच. ओळींमध्ये पांढरी भगदाडं पडली. लेक नर्सबाईंनी स्वतःजवळचं दिलेलं धड पुस्तक घेऊन समोर बसली. ती गेलेला शब्द वाचणार आणि तो मोकळ्या जागी लिहिणार, असं ठरलं.

पहिलं भगदाड आलं.

"पाळी," ती म्हणाली.

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. किटलीचं झाकण थडथडत राहिलं.

"लिहा ना, बाबा. अजून एकोणचाळीस पुस्तकं आहेत."

मान वर न करता त्याने लिहिलं. तिने त्या शब्दावर फुंकर घातली, आणि पुस्तक मिटू नये म्हणून पानावर हात ठेवून बसली.