दारापाशी ठेवलेली बादली

मामंजींचं पडून मोडलेलं पायाचं हाड जुळून चार महिने झाले होते, तरी ते खुर्ची सोडायला तयार नव्हते. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला, आता काठीसुद्धा लागायची नाही म्हणाले. त्यावर मामंजींचं म्हणणं असं, की हाड पक्कं असेल, माणूस कच्चा राहिलाय. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एवढाच त्यांचा प्रवास, आणि तोही मुलाचा हात धरून. चाळीस वर्षं टपालाची पिशवी खांद्याला लावून ज्यांनी गाव पालथं घातलं, ते बारा पावलांवरच्या जेवणाच्या टेबलाशी येत नव्हते. ताट मी खोलीतच नेत असे.

पडण्याचं सगळं खापर फरशीवर फुटलं. जुनी, गुळगुळीत, थंड फरशी. ती मेली सगळ्यांच्या मुळावर आली होती, असं आमच्या ह्यांनी ठरवून टाकलं. आता तिच्यावर लाकडी जमीन घालायची, म्हणाले. मी मान हलवली.

खरं काय घडलं होतं ते एवढंच. नऊ वर्षांपूर्वी हे जिवावरच्या दुखण्यातून उठले, तेव्हा मी एक नेम धरला. पहाटे उठायचं, बादलीभर पाणी घ्यायचं, गुडघ्यांवर बसून सगळं घर पुसायचं, मग देवापाशी दिवा लावायचा. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. पुसायला सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या दारापासून करायची. आजारपणातही मी तो मोडला नव्हता.

त्या दिवशी मामंजी चष्मा न लावता खोलीबाहेर आले. मी घरातल्या बोळाच्या टोकाला होते. फरशी ओली होती, ते मला दिसत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. एक शब्द पुरला असता. मी हात वर केला.

मग ते पडले.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. नेमही चालूच ठेवला, उलट जास्त निगुतीने, आपण करतो आहोत ते चांगलंच आहे हे स्वतःला पटवायला.

नवी जमीन निवडायला आम्ही मामंजींना दुकानात नेलं. चाकाच्या खुर्चीत बसूनच त्यांनी मोजे काढायला लावले आणि दुकानदाराने मांडलेल्या नमुन्यांवर एकेक पाऊल ठेवून पाहिलं. चकचकीत फळीवरून अंगठा फिरवला आणि हिला आमच्या घरी आणू नका, हिला माझं मरण हवंय, असं शांतपणे सांगितलं. दुकानदार हसला. त्याने समजावलं की एक प्रकार अस्सल लाकडाचा. तो थंडी-उकाड्याला आखडतो, पसरतो, झिजला तर घासून पुन्हा नवा करता येतो. दुसरा लॅमिनेट. आत लाकडाचा दाबलेला भुसा आणि वर लाकडाची छापील प्रतिमा, त्यावर कठीण थर. ओरखडे फारसे पडत नाहीत, पण सांध्यातून पाणी आत गेलं की फुगतो, आणि फुगला की परत बसत नाही.

"म्हणजे फोटोवर चालायचं," मामंजी म्हणाले. "चालेल. फोटोतलं कुणी म्हातारं होत नाही."

शेवटी मामंजींच्या खोलीत अस्सल लाकूड आणि बोळात, बैठकीत लॅमिनेट असं ठरलं. दोन्हीही बिनचकाकीचं, पायाला हलकी रेघ लागेल असं. निवड सगळी त्यांच्या तळव्यांची.

मिस्त्रींनी फळ्यांचे गठ्ठे आणून दोन दिवस नुसते खोलीत आडवे ठेवले. लाकडाला घराची हवा मानवली पाहिजे, नव्या सुनेसारखंच असतं ते, म्हणाले. मामंजींनी खुर्चीतून उत्तर दिलं की आमच्याकडे उलटं झालं, सुनेनेच घराला आपली हवा मानवायला लावली. मी स्वयंपाकघरात होते. त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की माया, ते मला कळलं नाही.

काम उरकल्यावर मिस्त्रींनी मला उभं करून सगळं बजावलं. दाराशी जाड पायपुसणं हवं, कारण चपलेखालची वाळूच जमिनीला खाते. खुर्च्यांच्या पायांखाली नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या लावा. रोज कोरडा झाडू, आणि पुसायचंच तर फडकं असं पिळा की मुठीत दाबलं तरी थेंब पडता कामा नये. सांडलं तर लगेच टिपा. उरलेल्या चार फळ्या त्यांनी कपाटावर ठेवल्या. घरात माणसं आहेत, लागतील, एवढंच म्हणाले.

मी सगळं ऐकलं. आणि दुसऱ्या पहाटे बादली घेऊन मामंजींच्या दारापाशी बसले. नेम पाण्याचा होता. मी माझ्यापुरती तोड काढली: बादली अर्धीच भरायची, फडकं चांगलं पिळायचं. पण पिळताना हातावरून पाणी ओघळतं, बादलीच्या बुडाला लागतं, आणि बादली रोज त्याच जागी टेकते, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

मामंजी तरीही उठले नाहीत. नवी जमीन झाली, हे दोन वेळा हात पुढे करून उभे राहिले, पण त्यांनी मान फिरवली. हे चिडले. एवढं सगळं कुणासाठी केलं, असं बाहेर येऊन मला म्हणाले.

दोन महिन्यांनी त्यांच्या दारासमोरच्या तीन फळ्यांचे सांधे वर आले. बोटाला लागतील एवढे. मिस्त्री आले, गुडघ्यांवर बसले, वैद्याने नाडी पाहावी तसा हात फिरवत राहिले. कुणी पाणी सांडलं का, हे त्यांनी विचारलं. हे नाही म्हणाले. मी पदराला हात पुसत राहिले.

"माझ्या हातून सांडलं," आतून मामंजी म्हणाले. "तांब्या कलंडला."

मिस्त्रींनी फळीवर बोटाने एक गोल काढला. हे एकदा सांडलेलं नाही, रोजचं आहे, आणि बादलीच्या बुडाएवढं आहे, असं ते म्हणाले.

"मग बादली माझीच असेल. पाय शेकतो मी."

"आजोबा," मिस्त्री म्हणाले, "खुर्ची सोडत नाही म्हणता, आणि पाय शेकायला दाराबाहेर येता होय?"

ह्यांना हसू आलं. मला आलं नाही. माझ्यासाठी एक म्हातारा माणूस खोटं बोलत होता, आणि ते त्याला धड जमतही नव्हतं.

"बादली माझी आहे," मी म्हणाले. मग थांबता आलं नाही. "आणि त्या दिवशी मामंजी बाहेर येताना मला दिसले होते. ओलं होतं, ते मला माहीत होतं. दिवा लागायचा होता, म्हणून मी बोलले नाही."

ह्यांचं हसू तिथेच मावळलं. मिस्त्री हत्यारांच्या पिशवीत काहीतरी शोधू लागले, बराच वेळ शोधत राहिले.

"ठाऊक आहे मला," मामंजी म्हणाले. "पडता पडता तुझं तोंड दिसलं. उघडं होतं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"नेम तुझा. तू आणि देव बघून घ्या, त्यात मी कशाला पडू? आधीच एकदा पडलोय. पण सूनबाई, ओलं मला दिसत नाही आणि तू सांगत नाहीस. मग मी उठायचं कुणाच्या भरवशावर?"

मिस्त्रींनी कपाटावरच्या फळ्या उतरवल्या आणि तीन बदलल्या. जुन्यांवर दोन महिने ऊन पडलेलं, त्यामुळे नव्या जरा गडद दिसत होत्या. पुढेमागे मिसळतील, म्हणाले. हे संध्याकाळभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचंही बरोबर होतं.

दुसऱ्या पहाटे मी बादली न्हाणीघरातच ठेवली. फडकं तिथेच पिळलं, मुठीत दाबून पाहिलं, थेंब आला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच हात जवळजवळ कोरडे घेऊन मी त्यांच्या दारापाशी गुडघे टेकले. देवाला हे रुजू होईल की नाही, मला सांगता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

सगळं पुसून झालं. मी तळवा फिरवत मागे आले, सांधा न् सांधा. मग दारापाशी उभी राहिले. दिवा लागायचा होता.

"मामंजी, कोरडं आहे," मी म्हणाले. "या."

आवाज माझाच मला परका वाटला. आत पलंग करकरला. मग भिंतीला हात घासल्याचा आवाज. ते उंबरठ्याच्या पट्टीवर आले, चष्मा लावून. एक पाय खोलीतल्या लाकडावर, एक बाहेर. अंगठ्याने नव्या फळीचा सांधा चाचपला.

"इथलीच का ती फुगलेली?"

"इथलीच."

त्यांनी माझा हात घेतला नाही. भिंत धरून निघाले. मी त्यांच्यापुढे उलटी चालत, कोरडं आहे, कोरडं आहे, असं प्रत्येक पावलाला सांगत राहिले. आठव्या पावलाला ते म्हणाले, "कळलं गं, बहिरा नाही मी."

टेबलाशी येऊन त्यांनी खुर्ची ओढली. तिच्या एका पायाची चकती निघाली होती. खुर्ची जमिनीवर करकरली, तसे ते थांबले, वाकून पाहिलं, आणि आज ही लावून घे, नाहीतर तो मिस्त्री पुन्हा येऊन माझीच चौकशी करेल, असं म्हणाले.

मी आधी चकती शोधली. मग दिवा लावला.