रडणारी मरियामाता आणि कोरडा राक्षस

"सरका, सरका, लेकुरवाळ्यांना पुढे येऊ द्या. मातेचा एक थेंब पोटात गेला की मरतुकडं पोरसुद्धा घोड्यासारखं दौडतं."

ओब्रेक गावच्या कथीड्रलमध्ये, तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, सेवेकरी बालताझारचा आवाज आज जोरात होता. खांबाला टेकलेल्या दगडी मरियामातेच्या डोळ्यांतून टिपं गळत होती आणि खालच्या वाडग्यात जमत होती. हिवाळ्यापासून दर शुक्रवारी ती रडे, तेही मिस्साची प्रार्थना संपल्यावरच. मधेच कधी नाही. माता वेळेची मोठी पक्की होती. गावातल्या आयांनी तर नेमच धरला होता, बालताझारला चार पैसे देऊन बाटली भरून न्यायची आणि पोराला रोज चमचाभर आसवं पाजायची. पोर जितकं खंगेल तितके चमचे वाढत.

गर्दीत डॉक्टर तेओफील ओठ आवळून उभा होता. त्याची बहीण क्लोतिल्द हिचा धाकटा ल्यूसियाँ ईस्टरच्या आधी पोट धरून तळमळत गेला होता. आता थोरली मिरेय त्याच वाटेला लागली होती. पोटात कळा, तोंडावर रक्ताचा थेंब नाही, आणि मनगटं इतकी लुळी की पावाचा तुकडा उचलता येईना.

"क्लोतिल्द, ते पाणी देऊ नकोस तिला."

"मग काय देऊ? तुझी औषधं? ल्यूसियाँला वाचवलं का त्यांनी, दादा?"

भाच्याचा रोग त्याला शेवटपर्यंत कळलाच नव्हता. त्याने गुडघे टेकले आणि मिरेयचा ओठ बोटाने वर केला. हिरडीच्या कडेने निळीकाळी रेघ होती. तशी रेघ त्याने पूर्वी पाहिली होती, कथीड्रलच्या छपरावर शिशाचे पत्रे ठोकणाऱ्या कारागिरांच्या तोंडात. पण ही आठ वर्षांची पोर छपरावर कशाला चढेल?

तो तसाच बाहेर पडला आणि मान वर करून छपराकडे बघत राहिला. पाऊस मुसळधार होता. पन्हळींच्या टोकांना बसवलेले दगडी राक्षस चौकात भडाभडा पाणी ओकत होते. एकटा राक्षस मात्र तोंड वासून कोरडा ठणठणीत होता, नेमका मरियामातेच्या खांबावरचा. पाऊस काय माणसं बघून पडतो? मग याच्या वाट्याचं पाणी जातंय कुठे? तेओफील धापा टाकत गोल जिना चढला.

दगडी कमानी आणि छप्पर यांच्या मधल्या अंधाऱ्या पोकळीत सगळा कारखाना मांडलेला होता. राक्षसाच्या घशात डांबर लावलेला बोळा. अडलेलं पाणी वळवून शिशाच्या पेटीत सोडलेलं. पेटीतून एक बारीक नळी खांबातून थेट मूर्तीच्या डोक्यात, नळीला तोटी, आणि तोटीला बांधलेली तार खाली सेवेकऱ्याच्या खोलीत. पेटीतल्या शिळ्या पाण्यावर कबुतरांची घाण तरंगत होती आणि कडांना पांढरी बुरशी धरावी तसा थर चढला होता.

झुंबराचा दोर सोडण्यासाठी कमानीच्या माथ्याला भोक होतं. त्याला तोंड लावून तो ओरडला, "आता माता रडायची थांबेल."

त्याने तोटी आवळली. टिपं थांबली.

"आता परत रडेल."

परत रडली. म्हातारी पेरपेत्यू धपकन गुडघ्यांवर बसली. "अगं बाई, देवदूत बोलतोय." तिच्यामागोमाग अर्धं कथीड्रल गुडघ्यांवर.

तेओफीलने कपाळावर हात मारून घेतला. "पेरपेत्यूबाई, देवदूत कसला? मी तेओफील. परवा तुमच्या मूळव्याधीला मलम दिलं तो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ते शेवटचं हसू.

खाली येऊन त्याने सगळं सरळ सांगितलं. "हे छपरावरचं पावसाचं पाणी आहे. शिशाच्या पेटीत मुरत पडतं. शिसं हे विष आहे, रोज थोडंथोडं जिरवलं की माणूस आतून मरतो. माझा शब्द नका धरू. आपापल्या पोरांचे ओठ उचला आणि हिरड्यांवर निळीकाळी रेघ आहे का बघा."

आयांनी ओठ उचलले. मग एकेका बाकावरून हुंदका फुटू लागला.

बालताझार भिंतीला चिकटला होता. "शपथेवर सांगतो, विषाचं मला ठाऊक नव्हतं. चार पैसे सुटायचे, एवढंच."

"तू कधी प्यायलास यातलं?"

"मी? मला आपली वाइनच बरी."

लोक त्याच्यावर तुटून पडले. क्लोतिल्द मात्र जागची हलली नाही. मिरेयला पोटाशी धरून तिने हळूच विचारलं, "दादा, म्हणजे ल्यूसियाँला मीच..."

'नाही' म्हणणं किती सोपं होतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण वाडगा अजून अर्धा भरलेला होता आणि आयांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं.

"हो," तो म्हणाला. "ते पाणी तू पाजलंस. तुझी माया खरी होती, क्लोतिल्द. पाणी विषारी होतं."

मिरेय जगली. उजवं मनगट काही सरळ झालं नाही. पाद्र्यांनी मूर्तीच्या डोळ्यांतली भोकं चुन्याने बुजवली. तरीही पुढच्या वसंतात लांबच्या खेड्यातली एक बाई काखेत तापलेलं पोर आणि हातात रिकामी बाटली घेऊन आलीच. माता थोडीतरी रडते का, म्हणून दारात विचारू लागली.

क्लोतिल्दने तिच्या हातातली बाटली काढून घेतली.

"बाई, मेणबत्ती लाव, प्रार्थना कर, तुला कोण अडवतंय? पण पोराला आधी डॉक्टरकडे ने. आणि त्याच्या तोंडात काही घालण्याआधी विचारत जा, हे आलं कुठून. मी विचारलं नाही. माझा लेक तिकडे कबरस्तानात आहे."