नीलव्वा वाचत असे तेव्हा

माघातल्या पिकत्या ज्वारीतून वारा जातो तेव्हा एक कोरडी, मंद सळसळ उमटते. नीलव्वा कथा वाचू लागली की तिच्या आवाजातून मला तीच ऐकू येई. माहेर दुधनीकडचं, घरची भाषा कानडी, आणि लिहिणं मात्र मराठीत. सोलापुरात नवी पेठेत तिच्या सासरचं कापडाचं दुकान होतं. मी शाळेत शिकवत असे, आणि तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्या ओळखीतून ती लिहिते हे मला कळलं, आणि मी तिला मालतीबाईंकडे नेलं.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं. मालतीबाई निवृत्त शिक्षिका. रविवारी दुपारी, उन्हानं रस्ते ओस पडलेले असताना, त्यांच्या माडीवर आम्ही लिहू पाहणारी पाच-सहा माणसं जमत असू. छापून आलेलं कुणाचंच काही नव्हतं. खिडकीला ओली चादर, पाण्याचा माठ, आणि एकमेकांचं संपेपर्यंत ऐकून घेण्याचं सौजन्य, एवढंच आमचं वैभव.

पहिल्या दिवशी तिनं कागद चेहऱ्यासमोर असा धरला होता की आम्हांला तिच्या कपाळावरचं विभूतीचं बोटच तेवढं दिसावं. रानात राबणाऱ्या नवऱ्यासाठी भाकरी बांधून नेणाऱ्या आईची कथा होती. त्यात ‘बुत्ती’ हा शब्द आला. आमच्यापैकी एकानं सुचवलं की तिथं ‘शिदोरी’ बरं दिसेल. नीलव्वानं लगेच मान डोलावली. खोडायला पेनही उघडलं. मालतीबाईंनी तिचा हात धरला.

“राहू दे. शिदोरी आमची आहे, बुत्ती तुझी.”

त्या दिवसापासून कागद हळूहळू खाली येत गेला आणि मांडीवर विसावला. परिच्छेद संपला की ती डोळे उचलून आमच्याकडे पाही. कुणाच्या कपाळावरची आठी, कुणाचा अडलेला श्वास टिपून घरी नेई, आणि पुढच्या रविवारी तीच कथा पालवी फुटल्यासारखी नवी होऊन येई. आम्हां सर्वांत ती मोठी होणार, याविषयी कुणालाच शंका उरली नव्हती.

मग भावाभावांत दुकानाची वाटणी झाली. तिच्या नवऱ्यानं दुधनीला आडत घातली, आणि दोन पावसाळ्यांत बहरलेलं ते झाड मुळांसकट तिकडे गेलं.

काही वर्षांनी मी तिला भेटायला गेले. अंगणात तुरीचं वाळवण, आत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि या दोहोंमध्ये तिची न थांबणारी पावलं. चहा झाला, मुलांची चौकशी झाली. लिहितेस ना, असं मी विचारलं तेव्हा ती कपबशा गोळा करू लागली.

“सुरुवात करते की, अक्का. दोन पानं झाली की हात थांबतो. हितं वाचायचं कुणापुढं?”

मी म्हटलं, पोस्टानं पाठव. आम्ही सगळे वाचू, सविस्तर कळवू. ती हसली. त्या हसण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते सोसवेना.

“कागद पोचंल, अक्का. तुमची तोंडं कशी दिसतील मला?”

पुढे सासूबाईंमागून सासरे, मग मुलींची लग्नं. ती सोलापूरला आली ती लग्नाच्या बस्त्यापुरती. आमच्यापैकी बाकीच्यांची पुस्तकं निघाली. माझ्या पहिल्या पुस्तकावर मालतीबाईंनी हळदकुंकू वाहिलं, आणि त्या आनंदात नीलव्वाची जागा रिकामी होती. लोक म्हणतात, अस्सल प्रतिभा खडकातूनही वाट काढते. मला ते पटत नाही. आम्ही वाढलो ते आमच्या बळावर नव्हे. आम्हांला दर आठवड्याला कुणीतरी ऐकत होतं.

नीलव्वा आता नाही. गेलेल्या माणसाची आठवण काळ कशीबशी सांभाळतो. पण जे तिच्या मनात उगवून तिथंच विझलं, त्याची आठवण ठेवायला काळाजवळही जागा नसते.