वासाचं खातं

“फुंकू नकोस! अजिबात फुंकू नकोस!”

मी गाल फुगवून वाकले होते, तशीच थांबले. भावोजी खुर्चीतून अर्धे उठले होते आणि जणू मी कुणाचा जीव घ्यायला निघाले होते अशा नजरेनं माझ्याकडे बघत होते.

“अहो, पण ही मेणबत्ती किती धूर करतेय!” मी म्हणाले.

“करू दे. करतेय का नाही, तेच तर बघायचंय.” ते तिच्या ग्लासाजवळ तोंड नेऊन बघू लागले. “वात जाड झाली. ज्योत बघ कशी नाचतेय, आणि टोकाला काजळीचं बोंड धरलंय. अगं, ऐकलंस का? सोया मेण, जाड वात, नापास!”

“ऐकलं,” शेगडीपाशी मेण वितळवत उभी असलेली माझी ताई म्हणाली. “बहिरी नाही मी.”

ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवायला जागा उरली नव्हती, त्याला आता वर्ष होत आलं होतं. ग्लासांच्या तीन रांगा असायच्या. एक रांग सोया मेणाची, एक साध्या मेणाची आणि एक मधमाशांचं मेण मिसळलेली. प्रत्येक रांगेत बारीक, मधली आणि जाड वात. वात बारीक पडली की मेण कडेपर्यंत वितळत नाही, मध्येच विहीर पडते आणि ज्योत तिच्यात बुडून मरते. जाड झाली की हे असं, घरभर काजळी. मला हे सगळं पाठ झालं होतं. ताईच्याच वरच्या मजल्यावर राहायचं म्हणजे दुसरा उपाय नव्हता. मी साखर मागायला खाली उतरायची आणि वातींवरचं व्याख्यान ऐकून, साखर विसरून वर जायची.

निवृत्त झाल्यावर लोक चालायला जातात, नातवंडं सांभाळतात. ताईनं सुगंधी मेणबत्त्या काढल्या. कुठेतरी व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्या दिवशी मेण घेऊन आली. आमच्या ताईचं असंच असतं. मेण तिचं, माप तिचं, ओतणं तिचं, ग्लास कुठले घ्यायचे तेही तिचंच. वासाचं खातं मात्र भावोजींकडे. त्यात ती चुकूनही हात घालत नसे.

कारण भावोजींचं नाक हे साधं नाक नव्हतं. गॅस कंपनीच्या तक्रार विभागात त्यांचा जन्म गेला. गळतीचा फोन आला की एक माणूस यंत्र घेऊन निघायचा आणि भावोजी नुसतं नाक घेऊन. यंत्रवाला जिना चढून दमलेला असायचा, तोवर भावोजी “दुसरा मजला, डावीकडचं घर, शेगडीमागची नळी” असं सांगून मोकळे. ऑफिसात त्यांना नाकसाहेब म्हणत. निरोपाच्या दिवशी त्यांचे वरिष्ठ म्हणाले होते की यंत्र काय, दुसरं विकत घेऊ, हे नाक कुठून आणायचं? त्यावर भावोजी लाजले होते, आणि ताई अशी फुलली होती की जणू ते नाक तिनंच घडवून त्यांना बसवलं होतं.

घरात त्या नाकाचा जाच कमी नव्हता. मी कॉलेजात असताना ताईकडे राहायची. एकदा मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते सांगून सिनेमाला गेले. दारातच भावोजी म्हणाले, “काय मेहुणीबाई, पॉपकॉर्न जरा करपले होते वाटतं?” त्या दिवसापासून मी त्यांच्याशी खोटं बोलणं सोडून दिलं. उपयोगच नव्हता.

तर असं हे नाक. ताई सुगंधी तेलाचे थेंब मोजून घालणार, ग्लास मुरायला ठेवणार, मग पेटवून विचारणार, “अहो, वास कसा आहे?” भावोजी डोळे मिटणार, ग्लासावरची हवा हातानं नाकाकडे ओढणार आणि सांगणार, “फर्मास. पण अजून जरा.” की पुढच्या खेपेला ताई अजून जरा घालणार. हे ‘अजून जरा’ हळूहळू इतकं वाढलं की समोरच्या काकूंनी विकत घेतलेली मेणबत्ती घरातून काढून अंगणात ठेवली. ताई म्हणाली, लोकांना नाकच नाही. मला स्वतःला खाली गेलं की डोकं धरल्यासारखं व्हायचं, पण नाकसाहेबांपुढे माझ्या नाकाची काय पत्रास! आणि ताईचं तर दिवसभर त्याच वासात राहून नाक बधिर झालेलं.

अशात कोपऱ्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना उघडला. पेशंट औषधांच्या वासानंच घाबरून परत फिरतात, म्हणून त्यांना बाहेरच्या खोलीत लावायला मेणबत्त्या हव्या होत्या. आवडल्या तर दर महिन्याला घेईन म्हणाल्या. शनिवारी त्या स्वतः वास बघायला येणार होत्या. ओळखीपाळखीबाहेरचं हे पहिलंच गिऱ्हाईक. ताई आठवडाभर जमिनीवर नव्हती. लिंबू, लव्हेंडर आणि पुदिना असे तीन ग्लास करून तिनं मुरायला ठेवले होते, आणि तरीही धीर निघेना म्हणून गुरुवारी मधमाशांच्या मेणात लिंबाचा आणखी एक ओतला.

शुक्रवारी मी खाली गेले तेव्हा ताई खोके आणायला बाजारात गेली होती. भावोजींनी तो चौथा ग्लास पेटवला होता आणि खुशीत बसले होते.

“बघ, बघ. ज्योत बघ. वाऱ्यालासुद्धा दाद देत नाही. मधली वातच खरी.”

“आणि वास?” मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले, हवा नाकाकडे ओढली. “लिंबू फर्मास उतरलंय. पण अजून जरा चालेल.”

मला लिंबू येईना. मी पुन्हा हुंगलं. किंचित मधासारखं काहीतरी येत होतं, बस. मग माझी नजर खिडकीकडे गेली. तिथे बशीनं झाकलेली वाटी होती. बशी उचलली, तर लिंबाचं तेल मापून ठेवलेलं तसंच्या तसं. ओतताना डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता, ताई अर्धा तास बोलत बसली होती, आणि तेल घालायचंच राहून गेलं होतं.

मला वाटलं, भावोजी थट्टा करतायत. मी वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि हसत म्हणाले, “नाकसाहेब, लिंबू तर इथे आहे!”

ते हसले नाहीत. आधी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

“दार लोटून घे,” ते म्हणाले.

मी दार लोटलं.

“मागच्या हिवाळ्यात ताप आला होता ना मला? तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. अजून तरी आलेला नाही.”

“काहीच येत नाही?”

“काही म्हणजे काही नाही.”

“आणि ताईला ठाऊक नाही?”

“काय सांगू तिला? बाकी सगळं ती तिचं तिचं ठरवते, तुला माहितीये. मला जन्मभर एकच विचारत आली. वास कसा आहे? दूध बघा, कापड बघा, भाड्यानं घ्यायचं घर बघा. घरातलं तेवढं एकच खातं माझ्याकडे आहे. तेही परत करू?”

मला एकदम दुसरीच भीती वाटली. “भावोजी, पण घरात गॅस आहे! दिवसभर मेण तापत असतं!”

“म्हणून तर.” त्यांनी ओट्याखालून एक बारीक ब्रश आणि साबणाच्या पाण्याची वाटी काढली. रोज पहाटे ताई उठायच्या आत ते नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघत होते. ताई मात्र अख्ख्या गल्लीत सांगत सुटली होती की निवृत्त झाल्यापासून ह्यांना स्वच्छतेचं वेडच लागलंय. मला हसावं का रडावं तेच कळेना. मी दोन्ही केलं.

“उद्याचा दिवस निभावून ने,” ते म्हणाले. “तिची ऑर्डर होऊ दे. मग मी सांगतो.”

मग आम्ही दोघांनी बसून खुणा ठरवल्या. मी केस मागे सारले, तर वास उग्र. चष्मा पुसला, तर बेताचा. इतक्या वयाची आम्ही दोन माणसं परीक्षेत कॉपी करायची तयारी करावी तशी तयारी करत होतो.

शनिवारी डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. तरुण, चटपटीत, आणि बोलणं अगदी नेमकं. ताईनं चहा केला. टेबल पुसून लखलखीत केलं होतं आणि त्यावर तिन्ही ग्लास. तिनं पुदिन्याचा पेटवला आणि अभिमानानं भावोजींकडे वळली. “आधी ह्यांना विचारू या. वासात ह्यांचा शब्द शेवटचा.”

भावोजींनी डोळे किलकिले करून माझ्याकडे बघितलं. मी केस मागे सारणारच होते. पण त्याच क्षणी चहाच्या वाफेनं माझा चष्मा धुरकटला, मला काही दिसेना, आणि मी तो काढून पुसायला लागले.

“बेताचा!” भावोजी ठणकावून म्हणाले. “अगदी बेताचा आहे.”

डॉक्टरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला होता. “बेताचा? काकू, रागावू नका, पण ह्यानं माझे पेशंट औषधाच्या वासाआधीच पळतील. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

ताईला ते लागलं. तिच्या मेणबत्तीला नावं ठेवली असती तर तिनं एक वेळ ऐकून घेतलं असतं, पण हे नाकावर आलं होतं. “असं कसं? अहो, ह्यांच्या नाकावर अख्खी गॅस कंपनी चालत होती! तुम्हीच दिवसभर औषधांच्या वासात असता, तुमचं नाक बधिर झालं असेल.”

“ताई,” मी म्हणाले.

“तू गप गं! इतकी वर्षं ह्यांचा वासाचा अंदाज कधी चुकला नाही, आणि आज कुणी येऊन—”

डॉक्टरीणबाईंनी पर्स खांद्याला लावली. “ठीक आहे काकू. मग राहू दे.”

भावोजी उठून उभे राहिले. ऑफिसात वरिष्ठांपुढे उभे राहत असतील तसे, हात बाजूला सरळ ठेवून.

“अगं, थांब. डॉक्टरांचं नाक चांगलं आहे. माझंच गेलंय.”

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली.

“मला वास येत नाही. लिंबू नाही, पुदिना नाही, गॅसचाही नाही. मागच्या तापापासून. मी हिला खोटं सांगत आलो, आणि ही माझ्यावर विश्वास ठेवून तेल वाढवत गेली. डॉक्टर, हिचा हात फार चांगला आहे. निम्मा वास घालून करू दे तिला, आणि मग काय ते ठरवा. माझ्यापायी तिची ऑर्डर घालवू नका.”

डॉक्टरीणबाईंनी पर्स खाली ठेवली आणि वाकून ज्योतीकडे बघितलं.

“पण ही जळते किती छान. जराही धूर नाही. मी दुकानातून आणलेली होती, तिनं नवी भिंत काळी केली.”

“तो वातीचा प्रश्न असतो,” भावोजी हळूच म्हणाले. “त्याला डोळे पुरतात.”

“मग वाती तुम्हीच बघा. वास निम्मा करा काकू, मी पुढच्या शनिवारी येते.” दारात त्या थांबल्या. “काका, नाकाचं पुन्हा एकदा दाखवा कुणाला तरी. मी फक्त दातांची.”

त्या गेल्या. मी वर सटकायच्या बेतात होते, पण ताईचा आवाज आला आणि पाय निघेना.

“रोज विचारायचे मी! फोडणीचा वास कसा सुटलाय म्हणून रोज विचारायचे, आणि तुम्ही फर्मास म्हणायचात!”

“फर्मासच असणार ना,” भावोजी म्हणाले. “तू केलेली.”

“गोड बोलू नका!” म्हणून ताई भांडी आपटायला लागली. बरीच भांडी आपटून झाल्यावर तिनं डोळे पुसले. “एकटेच घेऊन बसलात इतके दिवस,” ती म्हणाली. “मला सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला कामावरून काढणार होते?”

पुढच्या आठवड्यात ताईनं तेल निम्म्यावर आणलं. ग्लास मुरले, आणि एका संध्याकाळी तिनं ते पेटवले. मी होतेच. भावोजी वातीच्या उंचीकडे बघत होते. ताई जिन्यापर्यंत जाऊन मोकळी हवा घेऊन आली, नाक ताजं व्हावं म्हणून, आणि ग्लासावर वाकली.

“बरा आहे,” ती म्हणाली.

“बरा म्हणजे काय?” भावोजी म्हणाले. “असा रिपोर्ट चालायचा नाही. नीट सांग.”

ताईला शब्दच सापडेना. वासाबद्दल बोलायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती. ती पुन्हा वाकली, डोळे मिटले.

“लिंबाचं साल नखानं खरवडल्यावर येतो ना, तसा आहे. लांबून येतो. आणि मागे... उन्हात वाळलेली चादर.” ती थांबली. “आपली छकुली झाली तेव्हा मला हॉस्पिटलातून घरी आणलंत. तुम्ही खोली एकट्यानं धुवून पुसून ठेवली होती, खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. तसा येतोय.”

भावोजींनी डोळे मिटून घेतले होते. मग त्यांनी दुसरा ग्लास अलगद तिच्यापुढे सरकवला.

“आता हा सांग,” ते म्हणाले.