जास्त ताकदीची

गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला ओरखडा नव्हता. शुभांगीने पुन्हा बोट फिरवलं — इथेच, कोपराजवळ, तिच्या बांगडीने उठलेला तो बारीक ओरखडा... गुळगुळीत. म्हणजे ही ती गाडी नव्हेच. तोच लाल रंग, तीच दोन दारं, तीच जमिनीलगतची ठेवण, आणि तरी नव्हे.

"तेच गाडी हाय वं, फक्त ताकद जास्त," अंगणातून मुकेश म्हणाला. "जुनी देऊन आनली. तिच्यात दम नोता."

"मले विचारलं काहून नाई?"

"त्यात काय विचारायचं?"

काय विचारायचं! भाजीपाल्याच्या धंद्याला बरकत आली तेव्हा ती गाडी दारात उभी करून यानेच चारचौघांत म्हटलं होतं, ही शुभांगीची. तिच्यावरच ती चालवायला शिकली होती — शेताच्या कडेने गाडी जायची तेव्हा वांगी तोडणाऱ्या बाया हात थांबवून बघायच्या, सासू पंचफुलाबाई मुद्दाम पाठ फिरवून बसायच्या, आणि शुभांगीच्या छातीत काहीतरी फुलून यायचं... त्या गाडीत दम नव्हता म्हणे! नवरा आपलाच, पण दिलेली वस्तू परस्पर नेऊन बदलून आणतो आणि वर हसतो. उद्या मलाही बदलून आणील, रंग तोच ठेवून.

तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

"तुले नाई झेपनार. एकदम उसळते हे."

"द्या म्हनते ना!"

किल्ली मिळाली, पण तो बाजूला येऊन बसलाच. शेलूबाजारच्या जीपा, हातगाड्या मागे पडल्या, मोकळा हायवे लागला, आणि तिने पाय दाबला. पाठ सीटला चिकटली. सकाळपासून दाताखाली धरलेलं सगळं पायात उतरत गेलं — अजून, अजून — कडेची झाडं एकमेकांत मिसळली, इंजिनाचा आवाज पोटात शिरला, आणि हा आवाज आपल्याला आवडतोय हे कळून ती आणखीच चिडली.

"हळू... शुभांगी, मले भेव लागून राह्यलं."

लग्नानंतर भीतीचा हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच. खरं तर बरं वाटायला हवं होतं, अद्दल घडली म्हणून. पण दारावरची मूठ घट्ट धरून बसलेल्या त्याच्याकडे तिने नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि तिला वाटलं, ही सीट रिकामी असती तर... साधाच विचार, बाजारातून काय आणायचं याच्यासारखा. तिने राग शोधला. तो कुठेच सापडेना. आणि मग, रस्ता सरळ समोर पसरलेला असताना, तिला स्वतःचीच धास्ती वाटली.

पाय तिने उचलला नाही.