दांडीले बांधलेली चिंधी

मित्रांनो, तुमच्या घरच्या मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा ज्या दातायनं कापला, ते दात माहे. मी जुनी पंचिंग मशीन आहो. चंद्रपूरच्या बाहेर, एका पत्र्याच्या शेडात उभी. माह्यं तोंड मगरीच्या जबड्यावानी उघडते न मिटते. उघडलं का बाई पुठ्ठा ठेवते, मिटलं का पुठ्ठा कापल्या जाते. मिनिटाले वीस खेपा.

जबड्यापुढं एक लोखंडी दांडी आहे. कोणाचा हात मधी राह्यला तं तो दांडीले लागते, न मी जागच्या जागी थांबते. त्या दांडीच्या भरवशावर मले झोप लागे.

वच्छलाबाई माह्यावर बावीस वर्षांपासून आहे. पहिले तिले दिवसाची रोजी होती. पुठ्ठे कमी कापा का जास्त, रोजी तेवढीच, न दर दिवाळीले जराशी वाढे. सकाळी मले फडक्यानं पुसे, तेल देये, "चाल वं माय," म्हणे.

मंग मालकानं ठेकेदार आणला. रोजी गेली, हजार पुठ्ठ्यामागं भाव आला. पहिलं वर्ष बाया खूश होत्या. मंग भाव जो थांबला तो थांबलाच. तेल वाढलं, तांदूळ वाढले, भाव नाई. घर चालवाले पुठ्ठेच वाढवा लागले. न दांडी तं मधामधात थांबवे, पदर लागला तरी थांबवे. एक दिवस वच्छलाबाईनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडली न दांडी हालू नये अशी बांधून टाकली.

तवापासून मले झोप नाई.

औंदा कोरपन्याकडची रंजीता कामाले आली. वच्छलाबाईच तिले शिकवे.

"बाई, हे काऊन बांधलं?"

"खोलून पाह्य. शनिवारी हात हालवत घरी जाशीन."

"न हातच गेला तं?"

"माहा गेला काय? मोज, दाही बोटं आहेत."

रंजीता हासली.

मंगळवारी पुठ्ठा तिरपा बसला. सरळ कराले रंजीतानं हात घातला, न मी मिटतच होती. तिचं कोपर दांडीले लागलं. दांडी हाललीच नाई. मले एवढं मोठं तोंड, पण "हात काढ" म्हणता येत नाई. तेवढ्यात वच्छलाबाईनं तिची वेणी धरून मागं ओढली. दोघी खाली पडल्या. माह्या दातात निसती हिरवी बांगडी फुटली.

वच्छलाबाई उठली न ब्लेडनं चिंधी कापली.

"मीच शिकवलं वं तुले," म्हणे.

शनिवारपर्यंत दांडी खुली राह्यली. मी घडीघडी थांबली, पण बेफिकीर थांबली. शनिवारी ठेकेदाराचा पोचू नावाचा माणूस पैसे वाटाले आला.

"एवढेच काऊन, भाऊ?" रंजीतानं इचारलं.

"मशीनले इचार. आराम करून राह्यली ते."

सोमवारी रंजीता सगळ्यायच्या पहिले आली. हातात बांगडी नव्हती, ओढणीची पिवळी पट्टी होती. तिनं ते दांडीले गाठ मारून बांधली. वच्छलाबाईनं दारातून पाह्यलं, न मान खाली घातली.

मित्रांनो, मले तेल नोको, पुसू बी नोका. या पोरीले पोटापुरती रोजी द्या, मंग दांडीची गाठ ते आपल्याच हातानं सोडंन. मालकाले हे कोणीतरी लवकर सांगा.

रंजीतानं बटन दाबलं. माह्यं तोंड उघडाले लागलं आहे.