कोरडा गुलाल

रविवारी जोतिबाच्या डोंगरावर सगळंच गुलाबी होतं. पायऱ्या, दुकानांच्या ताडपत्र्या, भक्तांचे कान, एवढंच काय, कोपऱ्यावर झोपलेलं कुत्रंसुद्धा. अनुजाच्या वडिलांचं तिथं गुलाल-खोबऱ्याचं दुकान, त्यामुळे तिला त्याचं कधी नवल वाटलं नव्हतं. पण त्या रविवारी दुपारी ती दुकानामागच्या अंगणात आली, दोरीवरचा आपला पांढरा शर्ट पाहिला आणि धावतच दोरीपाशी गेली.

शाळेचा धड शर्ट तेवढा एकच होता. दुसरा कोपरापर्यंत आखूड झालेला. सोमवारी पन्हाळ्याहून साहेब शाळा बघायला येणार होते आणि स्वागताचं भाषण अनुजा करणार होती. पाचवीच्या वर्गातून बाईंनी तिला निवडलं होतं. सकाळी स्वच्छ धुतलेला, वाळून खडखडीत झालेला तो शर्ट आता एका बाहीपासून पाठीपर्यंत गुलालानं माखला होता.

तिनं वर पाहिलं. दोरीच्या बरोबर वर शेजारच्या स्वप्नालीची गच्ची. ते भाषण स्वप्नालीलाही हवं होतं, आणि ते हुकल्यापासून आठवडाभर ती अनुजाशी नीट बोलली नव्हती. अनुजाला आणखी पुरावा नको होता.

तिनं शर्ट ओढला आणि बाहीचं टोक बादलीत बुडवून खसाखसा चोळायला घेतली. फिकट गुलाबी रंग बघता बघता गडद झाला. जितकं चोळावं तितका तो धाग्यात शिरत गेला.

“थांब की गं! का मारतीस त्याला?”

अंगणातल्या दगडावर चिमणाबाई पुजाऱ्यांची धोतरं घेऊन बसल्या होत्या. तीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. त्यांनी बादली पायानं बाजूला सारली, शर्ट हातात घेतला आणि भिजलेली बाही पिळून वेगळी धरली. मग उरलेला कोरडा शर्ट दोन्ही हातांनी फटकन झटकला. गुलालाचा ढग उठला. “चांगभलं,” त्या पुटपुटल्या आणि पुन्हा झटकला. उलटा करून, शिवणीत बोट घालून, फुंकर मारून. पाचसहा वेळा झाल्यावर पाठ जवळपास पांढरी दिसायला लागली.

अनुजा बघतच राहिली. तिनं विचारलं, पाण्यानं तर सगळं निघतं, मग हे का नाही निघत. चिमणाबाई म्हणाल्या, कोरडा असतो तोवर गुलाल कापडावर नुसता बसलेला असतो, पाणी दिसलं की घर करतो. म्हणून त्या आधी झटकतात, मग वाऱ्यावर टाकतात आणि पाणी सगळ्यात शेवटी. घाई केलेली धोतरं आयुष्यभर गुलाबी राहिली होती, आणि तशी दोन त्यांच्या हातूनही झाली होती.

झटकताना चांगभलं कशाला, हाही प्रश्न अनुजानं विचारला. आणि एवढा देव मानता, तर रविवारी वर देवळात का जात नाही?

“गुलाल देवाचाच न्हवं? त्योच रोज माझ्याकडं धुवायला येतोय की. मी कशाला गर्दीत जाऊ?”

अनुजाला हसू आलं, पण लगेच स्वप्नाली आठवली. आत्ता जाऊन तिला चांगलं फैलावर घ्यायचं, भाषण, शर्ट, आठवड्याचा अबोला, सगळं एकदम. चिमणाबाईंनी परत दिलेल्या शर्टाची ओली बाही तिच्या हातात होती. बाकी सगळा शर्ट पांढरा, आणि आपण जिथं घाईनं पाणी घातलं तेवढीच जागा लाल.

“मावशी, माणसाच्या मनावर पडलेलंपण असंच असतं का?”

चिमणाबाईंनी धोतराची घडी मोडली. “मनाचं मला काय ठावं न्हाय बाई. मी धोतराचं सांगतीया.”

अनुजा तिथंच बसून राहिली. दुसरं धोतर झटकून झालं, तिसरं झालं. मग ती उठली आणि शर्ट तसाच दोरीवर टाकून गच्चीचा जिना चढली.

स्वप्नाली टाकीआड गुडघ्यात डोकं घालून बसली होती. शेजारी गुलालाचं फाटलेलं पोतं. केस, भुवया, फ्रॉक सगळं गुलाबी. अनुजानं आवाज न चढवता फक्त एवढंच विचारलं, की हे कसं झालं.

“आमच्या दुकानाचं पोतं आत घ्यायला गेलते. कुत्र्यानं फाडलं हुतं खालनं. सगळं तुझ्या शर्टावर गेलं. तुला वाटंल मी मुद्दाम केलं. म्हणून खाली आले न्हाय.”

तेच वाटलं होतं, हे अनुजानं सांगून टाकलं. स्वप्नालीनं वर पाहिलं. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, आणि गालावरच्या गुलालात जिथं जिथं ते उतरलं होतं तिथं गडद लाल रेघा उमटल्या होत्या.

“रडू नको,” अनुजा घाईघाईनं म्हणाली. “रंग बसतोय. आधी झटकू या.”

स्वप्नालीला काही कळलं नाही, पण तिनं मान खाली केली. अनुजानं तिचे केस बोटांनी मोकळे केले आणि हलकेच झटकले. गुलाल उडाला. खालून चिमणाबाईंचा धोतर झटकल्याचा आवाज आला, तेव्हा अनुजाच्या तोंडून आपोआप निघालं, “चांगभलं.”

सोमवारी तिनं शर्टाची ती बाही दोन घड्या वर दुमडली. डाग दिसला नाही. दुसऱ्या बाहीला डाग नव्हता, तरी स्वप्नालीनं तीही दुमडून दिली आणि स्वतःच्या शर्टाच्याही दोन्ही बाह्या दुमडल्या.